गाणारी कांचेची पाटी

पाटीवर बोट धरून मुलांकडून अक्षरें गिरवून घेण्यांत आमचा जन्म गेला. परंतु पाटीवर बोट फिरविल्याबरोबर तिनें गावयास लागावें, हा प्रकार आम्हीं नुकताच प्रथम पाहिला.

आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं आजीकरितां म्हणून एक यंत्र आणिलें. आकार पत्त्यांच्या जोडाहून थोडा मोठा, पण जाडी त्याहून कमी. वजन सुमारें अर्धा पाव. पुढील बाजूस सारी कांच, कडेला चार-सहा बारीक बटणें आणि कानांत घालावयास तारेचा इअरफोन. घरांत पांच मोबाईल फोन असतां हें सहावें खेळणें कशास, असें आम्हीं विचारिलें. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, फोनवर काही लावलं की मध्येच कुणाची तरी घंटी वाजते. हे नुसतं ऐकण्याचं आहे. आजीला मध्ये कोणी उठवणार नाही." हें उत्तर आम्हांस पटलें.

अशा यंत्रांची वंशावळ फार जुनी नाहीं. १९७९ च्या जुलैंत जपानमधील सोनी कंपनीनें 'वॉकमन' विकावयास काढिला, आणि रस्त्यानें चालतां चालतां कॅसेट ऐकण्याची सोय झाली. २००१ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें 'आयपॉड' काढून एक हजार गाणीं खिशांत घातलीं. २००७ च्या सप्टेंबरांत त्याचेंच 'आयपॉड टच' हें भावंड आलें व चाकाच्या जागीं कांचेवरील स्पर्श आला. पुढें फोनच्याच पोटांत गाणीं मावूं लागलीं, आणि २०२२ च्या मे महिन्यांत त्या कंपनीनें ही शाखा बंद केल्याचें जाहीर केलें. तथापि केवळ ऐकण्याचीं यंत्रें अजून निघतात. त्यांतलेंच हें एक.

पहिलें नवल वाटलें तें स्पर्शाचें. बोट वर सारिलें कीं गाण्यांची यादी धांवूं लागते, व भोंवऱ्याप्रमाणें हळूहळू मंद होत थांबते. दुसरें नवल आवाजाचें. तंबोऱ्याच्या तारा एका कानाशीं, तबला दुसऱ्या कानाशीं, आणि गवई आपल्या मस्तकाच्या मध्यभागीं बैठक मारून बसलेला! १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपावा लागे; येथें तासभर आलापी चालली तरी पाटी भरत नाहीं. मात्र आम्ही त्या आलापींत बुडालों असतां सौभाग्यवतींनीं चहास तीनदां हांक मारिली, ती आम्हांस ऐकूंच आली नाहीं. एकत्र कुटुंबांत हा गुण कीं दोष, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आमच्या तीर्थरूपांनीं १९८७ सालीं एका कॅसेटवर गीतेचा पंधरावा अध्याय म्हणून ठेविला होता. तीर्थरूप जाऊन एकोणीस वर्षें झालीं. चिरंजीवांनीं ती कॅसेट या यंत्रांत उतरवून आणिली होती. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनीं मोठ्या उत्सुकतेनें कांचेवर बोट टेकिलें, कांच हालेना. पुनः टेकिलें, दाबिलें, घासलें; कांहीं नाहीं. इतक्यांत दोन वर्षांच्या पणतूनें मध्येंच आपलें ओलें बोट लाविलें, आणि यादी भराभर धांवूं लागली.

"अरे, याला माझं बोट कळतच नाही! मी काय भूत आहे?" मातोश्री म्हणाल्या. सर्व हंसले, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

कारण साधें आहे. कांचेखालीं डोळ्यांस न दिसणारें विजेचें सूक्ष्म जाळें असतें. मनुष्याचें बोट विद्युद्वाहक असल्यामुळें तें टेकतांच त्या जागचा विद्युद्भार किंचित् बदलतो, व त्यावरून यंत्र स्पर्शाचें ठिकाण ताडतें. म्हणून लांकडी काडीस वा नखास तें दाद देत नाहीं. आणि फार कोरडें, घट्टे पडलेलें बोटहि त्यास कित्येकदां उमगत नाहीं. सत्तर वर्षें भांडीं घासून, धुणीं धुवून व वाती वळून झालेलीं तीं बोटें! घर ज्या बोटांवर चाललें, त्यांचीच ओळख कांचेस पटूं नये, हें आम्हांस फार लागलें.

उपाय कडेच्या बटणांत निघाला. बोट शोधूं शकेल असा मेणाचा एक ठिपका आम्हीं सुरू करण्याच्या बटणावर चिकटविला. माळेचा मेरुमणि जसा न पाहतां हातीं लागतो, तसा तो मातोश्रींस दोन दिवसांत लागूं लागला.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं त्या ऐकतां ऐकतां एकाएकीं हंसल्या, आणि एका कानांतील बोंडी काढून त्यांनीं आमच्यापुढें धरिली. तार आंखूड, खांद्याला खांदा लावून बसावें लागलें. तीर्थरूपांचा अध्याय चालला होता. मध्येंच स्वयंपाकघरांतून तरुण, खणखणीत हांक: "नळ आला हो!" आणि तीर्थरूपांनीं श्लोक न तोडतां आवाज थोडा चढविला. ती हांक मातोश्रींचीच. अडतीस वर्षांपूर्वींचें आमचें घर त्या एका हांकेंत होतें.

पहिल्या वॉकमनला दोन इअरफोन लावण्याची सोय होती. एकट्यानेंच ऐकत बसणें शिष्टाचारास सोडून होय, असें त्या कंपनीचे अकिओ मोरिता यांस वाटलें होतें. पुढें ती सोय मागें पडली. परंतु विचार खरा होता.

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. हें यंत्र घ्यावें न घ्यावें, ही खुषीची गोष्ट. परंतु माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर यंदाच खालीं काढाव्या. फिती कालांतरानें चिकटतात, त्यांवरील थर झडतो, आणि त्यावरील माणूस पुनः बोलावयास येत नाहीं. घरांत वृद्ध असतील, तर कडेला बटणें असलेलेंच यंत्र पाहावें.

आतां रोज दुपारीं मातोश्री मेणाचा ठिपका चांचपून अध्याय लावितात. एक बोंडी त्यांच्या कानांत असते. दुसरी, माजघरांतून जो कोणी जाईल त्याच्या हातांत.