कथा हवी, सोरट नको

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गोरेगावात सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात. हळद शिजवून, वाळवून झालेली असते, शेतातली कामे थोडी उरलेली असतात आणि मुलांचा सारा दिवस घराच्या सावलीत जातो. पूर्वी या सावलीत दादी-नानीच्या गोष्टी असत. आता तिथे मोबाईल आहे. म्हणून या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : “अब्बा, हा गेम टाकू का?”

या प्रश्नाला बहुतेक घरांत दोनच उत्तरे मिळतात. एक, “नाही म्हणजे नाही.” दुसरे, “टाक, पण डोके खाऊ नको.” दोन्ही उत्तरे देताना गेममध्ये काय आहे हे कोणीच पाहिलेले नसते. पहिल्या उत्तराने मूल मित्राच्या घरी जाऊन खेळते. दुसऱ्या उत्तराने ते आपल्याच घरात, आपल्याच समोर बसून आपल्यापासून लांब जाते. आमच्या नववीतल्या मुलाने ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेमचे नाव घेतले, तेव्हा आम्ही दोघांनी त्याला सांगितले, “आठ दिवस दे. बघतो, विचारतो, मग सांगतो.” त्या आठ दिवसांत जे कळले ते इथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

दास्तान आणि गेम

ज्या गेममध्ये खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन एखाद्या अद्‌भुत दुनियेत प्रवास करतो, लोकांशी बोलतो, निर्णय घेतो आणि कथा पुढे नेतो, त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. राक्षस, जादू, हरवलेली राज्ये, शोधायला निघालेला नायक हा सगळा सरंजाम आपल्याला परका नाही. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ आणि ‘हातिमताई’ यांत तिलिस्म आणि देव-पऱ्या भरपूर आहेत. बादशहा अकबराने हमजानाम्यासाठी सुमारे १,४०० चित्रे काढवून घेतली आणि त्या कामाला जवळपास १५ वर्षे लागली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणायला सुरुवात केली आणि त्या घरोघरी वाचल्या गेल्या. कुरआननेही सूरह यूसुफमध्ये आपल्या कथेला सर्वोत्तम कथा म्हटले आहे. तेव्हा गोष्टीची ओढ ही काही बिघडलेल्या मुलाची खूण नव्हे.

फरक एवढाच की दास्तान ऐकणारा बसून ऐकतो, गेम खेळणारा स्वतःच्या हाताने करतो. म्हणून पुस्तक पारखताना आपण विचारतो, ‘यात काय लिहिले आहे?’ गेम पारखताना आणखी एक विचारावे लागते : ‘हा माझ्या मुलाला काय करायला लावतो?’

गेमच्या आत काय आहे

गेन्शिन इम्पॅक्ट चीनमधील शांघायच्या मिहोयो कंपनीने बनवला आणि तो २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. तो मोबाईलवर चालतो आणि फुकट मिळतो. आमच्यासारख्या गावात, जिथे हजारोंचे कन्सोल कोणाकडे नाही, तिथे मुलांच्या तोंडी याच गेमचे नाव येते त्याचे हे कारण. जुळ्या भावंडांची ताटातूट होते आणि एक जण दुसऱ्याच्या शोधात ‘तेवात’ नावाच्या दुनियेत भटकतो, अशी कथा आहे. चित्रे सुंदर आहेत, डोंगर-समुद्र डोळ्यांत भरतात आणि भावंडाच्या शोधाची कथा मनाला लागते. युरोपातील वयाच्या दाखल्यात त्याला १२ वर्षांवरील मुलांसाठीचा शिक्का आहे.

पण त्या शिक्क्यात आपल्या घराच्या सगळ्या काळज्या येत नाहीत. या दुनियेत सात देश आहेत आणि प्रत्येकाची एक देवता आहे. ठिकठिकाणी त्यांचे पुतळे आहेत. वाटेत गोळा केलेल्या वस्तू पुतळ्याला अर्पण केल्या की खेळणाऱ्याची ताकद वाढते. पहिले शहरच दारूसाठी प्रसिद्ध असलेले दाखवले आहे.

मुलगा मित्राच्या मोबाईलवर हे पाहून आला होता. त्याने आईला विचारले, “अम्मी, खेळात अर्पण केलं तर गुनाह होतो का?” हा प्रश्न त्याने विचारला याचेच आम्हाला समाधान वाटले. आम्ही उत्तर देण्याऐवजी त्याला इमामसाहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी फतवा दिला नाही, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, “बेटा, बटण दाबल्याने तुझा ईमान गेला असं मी म्हणणार नाही. पण जे अल्लाहशिवाय कोणासाठी करायचं नाही, त्याची हाताला सवय कशाला लावतोस? शंका आली ना, मग बाजूला हो.” संशयास्पद गोष्टींपासून जो दूर राहिला त्याने आपला दीन जपला, या अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस त्यांनी त्याला समजावली. वाद्यसंगीत आणि चित्रे यांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. प्रत्येक घराने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून ठरवावे, असे आम्हाला वाटते.

उरुसातली सोरट

आमचा खरा निर्णय झाला तो पैशांवर. गेम फुकट आहे, मग कंपनी कमावते कुठून? उरुसात किंवा जत्रेत सोरट पाहिलेली असेल. पैसे द्या, चिठ्ठी उचला, नशिबात असेल तर घड्याळ, नाहीतर गोळी. गेन्शिनमध्ये नवे, ताकदवान पात्र असेच मिळते. एका चिठ्ठीला गेममधली १६० रत्ने लागतात. सर्वांत वरच्या दर्जाचे, म्हणजे पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजार चिठ्ठ्यांत सरासरी ६. नव्वदाव्या चिठ्ठीपर्यंत एक पंचतारांकित पात्र नक्की मिळेल अशी हमी आहे. ९० चिठ्ठ्या म्हणजे १४,४०० रत्ने. आणि त्या हमीतही आपल्याला हवे तेच पात्र निघेल असे नाही, दुसरेही निघू शकते.

थोडी रत्ने खेळूनही मिळतात. पैसे न देताही कथा पुढे नेता येते, हे मुलाचे म्हणणे खरे आहे. पण घाई झाली की दुकान उघडेच असते. तिथे रुपये देऊन आधी एक प्रकारचे स्फटिक घ्यायचे, त्यांची रत्ने करायची, रत्नांच्या चिठ्ठ्या करायच्या. तीन वेळा रूप बदलल्यावर आपले किती रुपये गेले याचा हिशेब मोठ्यांनाही लागत नाही, मुलांना कुठून लागणार? याच मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. जानेवारी २०२५ मध्ये गेमच्या कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा पेट्या न विकण्याचे मान्य केले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने तर २०१८ मध्येच अशा काही गेममधील पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले होते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. त्यामुळे ‘आता कायदा झाला, मोबाईलवर जुगार उरला नाही’ असे समजून निर्धास्त होऊ नये. सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत दारू आणि जुगार यांना एकत्रच नाकारले आहे. कायद्याच्या व्याख्येत बसो न बसो, पैसे देऊन नशिबाची चिठ्ठी उचलण्याची गोडी चौदाव्या वर्षी लागू नये, एवढे आम्हाला कळते. आणि आपल्याकडे ज्या मोबाईलवर मुले खेळतात, त्याच मोबाईलवर सोयाबीनचे पैसे जमा झाल्याचा संदेश येतो आणि त्यातच युपीआय असते.

न संपणारी गोष्ट

तिसरी गोष्ट वेळेची. आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असे नबी (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी शरीफमध्ये आहे. गेन्शिनमध्ये सुमारे दर सहा आठवड्यांनी नवा भाग येतो, त्यामुळे ‘संपवला’ असे कधी म्हणता येत नाही. शिवाय काही बक्षिसे घेण्यासाठी ‘रेझिन’ नावाची शक्ती लागते. ती दर ८ मिनिटांना १ या गतीने भरते आणि २०० वर थांबते. म्हणजे २६ तास ४० मिनिटांत टाकी भरते आणि त्यानंतर न खेळलेला प्रत्येक तास वाया गेल्यासारखा वाटतो. रोज एकदा तरी हजेरी लावावी, अशीच ही बांधणी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळच वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे १२ महिने टिकली तरच विकार म्हणतात. सुट्टीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला आजारी ठरवू नये. पण मगरिबची अजान ऐकून मोबाईल खाली ठेवता येतो की नाही, हे घरात रोज कळते.

मग खेळूच नये का?

आम्ही असे म्हणत नाही. २०१५ साली टोबी फॉक्स या अमेरिकी तरुणाने बनवलेला ‘अंडरटेल’ हा गेम पाहा. साधी चित्रे, एकदाच पैसे, आणि दहाएक तासांत संपणारी कथा. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. एक मूल जमिनीखालच्या राक्षसांच्या दुनियेत पडते. या गेममध्ये कोणालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. समोरच्याशी बोलून, त्याला समजून घेऊन, सोडून देऊन वाट काढता येते. मारलेत तर मात्र गेम ते विसरत नाही.

मामूंच्या जुन्या लॅपटॉपवर मुलाने तो सुरू केला. सुरुवातीलाच आईसारखी माया करणारे एक पात्र वाट अडवते. त्याने घाईने लढून तिला संपवले आणि गप्प झाला. मग मागे जाऊन पुन्हा खेळला, या वेळी तिला वाचवले. पुढे दुसऱ्या एका पात्राने त्याला टोमणा मारला की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने ते इंग्रजी वाक्य वाचून दाखवले आणि भावाकडे बघितले. रात्री जेवताना दोघांचा वाद चालला होता : पुसून टाकले तर केलेले न केल्यासारखे होते का? अशी चर्चा घडवणारी कथा आम्हाला खेळण्याजोगी वाटते.

आपल्या पुण्यातही असे काम झाले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. ही धावपळीची साहसकथा आहे, पाच-सहा तासांत संपते. पुढच्या आवृत्तीत हिंदी संवादही आले. कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात आपण शेजाऱ्यांच्या पुराणकथा ऐकतच वाढलो, त्यांचा आदर करणे आपले कर्तव्य आहे. तरी ऐकणे वेगळे आणि भूमिकेत शिरून करणे वेगळे, ही इमामसाहेबांनी दाखवलेली रेघ इथेही लागू आहे. म्हणून तो जाणत्या मुलांनी, मोठ्यांसोबत बसून पाहावा असे आमचे मत आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ या गेममध्ये अब्बासी काळातील नवव्या शतकाचे बगदाद उभे केले आहे. बैतुल हिकमत आहे, नायकाचे नाव बासिम आहे. पण त्याचे काम लपून खून करणे हे आहे. मुस्लिम नाव आणि मिनार दिसले म्हणून मुलाच्या हाती द्यावा असा तो नाही.

घरात विचारायचे पाच प्रश्न

१. पैसे एकदाच द्यायचे आहेत की पुन्हा पुन्हा? त्यात नशिबाची चिठ्ठी आहे का?

२. कथा संपते का? किती तासांत?

३. अजान झाली, आईने हाक मारली, तर तिथेच थांबवता येते का?

४. पुढे जाण्यासाठी मुलाला हाताने काय करावे लागते? वयाचा शिक्का कोणता?

५. खेळून झाल्यावर त्या कथेबद्दल तो घरात बोलू शकेल का?

या प्रश्नांवर आमच्या घरी गेन्शिनला नकार मिळाला आणि अंडरटेलला होकार : दुपारी जोहरनंतर एक तास, लॅपटॉप बैठकीच्या खोलीत. मुलगा खूश नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्गात सगळे त्याच गेमबद्दल बोलतात आणि त्याला गप्प बसावे लागते. हे दुःख खरे आहे, त्याला ‘काही नाही रे’ म्हणून उडवून लावू नये. आम्ही त्याला एवढेच म्हटले की ती कथा मित्रांकडून ऐक आणि रोज आम्हालाही सांग. त्या जुळ्या भावंडांची भेट झाली का, हे विचारायला आता त्याची आईच सर्वांत आधी तयार असते.