राणीच्या बागेतले नवे रहिवासी

मुलांनो, कोल्हापुरातील न्यू पॅलेसचे वस्तुसंग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे पेंढा भरून ठेवलेले वाघ, बिबटे आणि इतर वन्य प्राणी आहेत. ते इतके खरे वाटतात की लहान मुले वडिलांचा हात घट्ट धरतात. जुन्या काळी प्राण्यांशी माणसाचे नाते बहुधा असेच होते : शिकार करायची, नाहीतर पाळून खेळ पाहायचे.

आपल्या शहरात त्याच्या आणखीही खुणा आहेत. 'साठमारी' हा भाग तुम्हांला ठाऊक असेल. संस्थानच्या काळात तेथे हत्तींचे खेळ होत. माणसे हत्तीला चिडवत आणि तो मागे लागला की आडोशाला पळत. त्याच काळात दरबारात चित्ते पाळले जात. त्यांची निगा राखणाऱ्यांना 'चित्तेवान' म्हणत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. हरणांचा कळप दिसला की टोपी काढत, आणि चित्ता वाऱ्यासारखा सुटे.

येथे शब्दांची थोडी गंमत पाहा. आपण घरी उर्दूत बोलताना वाघालाही 'शेर' म्हणतो आणि सिंहालाही 'शेर' म्हणतो. मराठीत तसे चालत नाही. अंगावर पट्टे असतात तो वाघ आणि मानेवर आयाळ असते तो सिंह. तसेच चित्ता वेगळा आणि बिबट्या वेगळा. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारख्या दोन काळ्या रेषा असतात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके फुलांसारखे दिसतात. परीक्षेत 'वाघाची आयाळ' असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, म्हणून हे सांगितले.

पाळलेल्या चित्त्यांबाबत एक मोठी अडचण होती. बंदिवासात त्यांना पिल्ले होत नसत. अकबर बादशहाने हजारभर चित्ते पाळले होते. त्यांना पिल्ले व्हावीत अशी त्याची फार इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही. त्याचा मुलगा जहांगीर याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, त्याच्या कारकिर्दीत एकदा एक चित्ता गळ्यातला पट्टा तोडून मादीजवळ गेला आणि तिला तीन पिल्ले झाली. बादशहाने मुद्दाम नोंदवून ठेवावी इतकी ती नवलाची गोष्ट होती! म्हणजे पाळलेला प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला असे. शेकडो वर्षे असे चालले. शिवाय शिकार झाली, माळराने नांगरली गेली. विसाव्या शतकात भारतातले चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. शेवटी १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुन्हा चित्ते आले ते २०२२ मध्ये, आफ्रिकेतल्या नामिबिया देशातून, मध्य प्रदेशातील कुनो येथे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे प्राणिसंग्रहालयात एखादे पिल्लू जन्मले की वर्तमानपत्रे ती बातमी पहिल्या पानावर का छापतात ते कळेल.

आता मुंबईकडे वळू. भायखळ्याला 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' आहे. त्याचे जुने नाव व्हिक्टोरिया गार्डन. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव आहे, राणीची बाग. काही जुने मुंबईकर 'राणीचा बाग' असेही म्हणतात. उर्दूत 'बाग' पुल्लिंगी आहे, म्हणून तुम्हांला 'राणीचा बाग' हेच बरोबर वाटेल. पण मराठीत हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी वापरतात : ती बाग, मोठी बाग, फुललेली बाग.

ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी खुली झाली. आधी ती केवळ झाडांची बाग होती. प्राणी नंतर आले. सुमारे पन्नास एकर जागेत शेकडो जातींची हजारो झाडे आहेत. त्यांत आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिचा बुंधा एवढा रुंद असतो की चार-पाच मुलांनी हात धरून कडे केले तरी अपुरे पडावे. मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात इतकी जुनी झाडे एका जागी उभी आहेत, हे मला वाघ-सिंहांइतकेच मोलाचे वाटते. पण सहलीला गेलेली मुले झाडांकडे पाहत नाहीत, हेही खरे.

पूर्वी या बागेत प्राणी कसे राहत? अरुंद पिंजरा, खाली फरशी, पुढे लोखंडी गज. वाघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दिवसभर फेऱ्या मारी. लोकांना वाटे, वाघ ऐटीत चालतो आहे. खरे पाहता ती ऐट नसते. करायला काहीच नसले की प्राणी एकच हालचाल पुन्हापुन्हा करतो. तज्ज्ञ हे त्रासाचे लक्षण मानतात.

वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७२ मध्ये कायदा झाला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. देशातील प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला या प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. प्राण्याला किती जागा हवी, डॉक्टर आहे की नाही, हे सारे तपासले जाते. या नियमांमुळे जुने पिंजरे बदलणे भाग पडले, आणि राणीच्या बागेचे रूप पालटू लागले.

नव्या रहिवाशांत सर्वांत आधी आले पेंग्विन. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सोल शहरातून आठ पेंग्विन विमानाने मुंबईत उतरले. बातमी ऐकून लोकांना नवल वाटले आणि अनेकांना रागही आला. बर्फात राहणारा पक्षी मुंबईच्या उकाड्यात कसा जगेल?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर पेंग्विनच्या जातीत आहे. सगळे पेंग्विन बर्फात राहत नाहीत. मुंबईत आले ते हम्बोल्ट जातीचे. त्यांचे घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे. तेथे बर्फ नसतो. किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा एक प्रवाह वाहतो. त्याला हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव दिले आहे आणि तेच नाव या पक्ष्यालाही मिळाले. त्याची उंची सुमारे दोन फूट आणि वजन चार-पाच किलो असते. त्याला उडता येत नाही. पण पाण्यात तोच पक्षी पंखांची वल्ही करून असा सूर मारतो की पाहत राहावे.

उरलेले अर्धे उत्तर यंत्रांत आहे. त्यांच्या दालनात तापमान सोळा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे हिवाळ्यात कोल्हापुरात पहाटे असते तेवढी थंडी. पाणीही गार करून, गाळून सोडले जाते. आपण काचेच्या अलीकडे उभे राहून पाहायचे.

तरीही सारे सुरळीत झाले नाही. आठांपैकी एक मादी ऑक्टोबर २०१६ मध्ये जंतुसंसर्गाने मेली. ती जेमतेम दीड वर्षाची होती. त्या वेळी पेंग्विन अजून लोकांना दाखवायलाही सुरुवात झाली नव्हती. दालन खुले झाले मार्च २०१७ मध्ये. पुढे १५ ऑगस्ट २०१८ रोजी एक पिल्लू जन्मले. भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन म्हणून त्याचे फार कौतुक झाले, पण ते आठवडाभरही नीट जगले नाही. १ मे २०२१ रोजी दुसऱ्या जोडीला पिल्लू झाले. ते जगले. त्याचे नाव ठेवले ओरिओ. ऑगस्टमध्ये आणखी एक जन्मले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पेंग्विनांची संख्या डझनाच्या वर गेली.

पेंग्विनची मादी बहुधा दोन अंडी घालते. सुमारे चाळीस दिवस ती उबवावी लागतात. हे काम आई एकटी करत नाही. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. पिल्लाला भरवण्याचे कामही दोघे मिळून करतात. (हे वाक्य आपापल्या वडिलांना वाचून दाखवायला हरकत नाही.)

मग पेंग्विन आणले ते बरे झाले की वाईट? वर्गात यावर वाद घालून पाहा, दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हम्बोल्ट पेंग्विन त्यांच्या मूळ घरी कमी होत चालले आहेत. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत ते बिळे करून अंडी घालत. खतासाठी माणसांनी ते थर खणून नेले. समुद्रातली मासळीही माणसांनी ओढून नेली. अशा वेळी त्यांची पिल्ले कोठेतरी सुखरूप वाढणे चांगलेच. पण मुंबईत वाढलेले पेंग्विन पेरूच्या किनाऱ्यावर जाऊन राहणार नाहीत. त्यांचे सारे आयुष्य काचेमागे, विजेच्या भरवशावर जाणार. माझे मत विचाराल, तर आपल्याच देशातले प्राणी चांगल्या रीतीने सांभाळणे आधी आणि परदेशी पाहुणे नंतर.

त्या दृष्टीने २०२० साल महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जानेवारीत बिबट्या, अस्वल, तरस यांची नवी मोकळी दालने खुली झाली. पक्ष्यांसाठी एक मोठे, उंच जाळीदार घर बांधले गेले. त्यात माणसांनी आत शिरायचे, आणि पक्षी डोक्यावरून, आजूबाजूने मोकळे फिरणार. म्हणजे पिंजऱ्यात आपणच! फेब्रुवारीत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. अनेक वर्षे राणीच्या बागेत वाघ नव्हता. लोकांनी गर्दी केली, आणि पुढच्याच महिन्यात कोरोनामुळे बागेचे दरवाजे बंद झाले. वाघ आले आणि माणसे घरात कोंडली गेली. त्या जोडीला १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे नेमके बालदिनी, एक मादी पिल्लू झाले. तिचे नाव वीरा.

नव्या दालनात गज नसतात. पुढे जाड काच असते किंवा मध्ये खंदक असतो. आत माती, गवत, झाडे, पाण्याचे डबके आणि लपायला आडोसे असतात. वाघाला पाणी फार आवडते. उन्हाळ्यात तो मानेपर्यंत पाण्यात बसून राहतो. कधी कधी झुडपामागे झोपतो आणि तासभर दिसतच नाही. मग लोक कुरकुरतात, "पैसे वाया गेले." पण वाघाला लपता येते, हीच तर नव्या दालनाची खूण आहे. थोडा धीर धरला तर तो दिसतो. काच मात्र ठोकायची नाही. दिवसभर हजार माणसे तुमच्या खिडकीवर ठोकत राहिली तर तुम्हांला कसे वाटेल?

मगर आणि सुसर यांच्यासाठीही नंतर नवे घर झाले. तेथे पाण्याच्या पातळीखाली काच आहे. मगर पाण्याच्या पृष्ठभागाखाली कशी निश्चल तरंगते ते त्या काचेतून दिसते. सुसरीचे तोंड लांब आणि चिंचोळे असते, मगरीचे रुंद. एवढे ध्यानात ठेवले की दोघींत गोंधळ होणार नाही.

हत्तींचा विषय निराळा आहे. हत्ती रानात दररोज मैलोगणती चालतो आणि कळपात राहतो. त्याला पुरेल एवढी जागा शहरात कोण देणार? म्हणून २००९ मध्ये प्राधिकरणाने ठरवले की हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नयेत. हत्तीने कोठे राहावे, या प्रश्नावर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात घरोघरी चर्चा झाली. नांदणीची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातला नेली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. तिच्यावर माया करणारे आणि तिच्या प्रकृतीची काळजी करणारे, दोघांनाही ती हवीच होती. असे प्रश्न एका वाक्यात सुटत नाहीत.

आता जायचे कसे ते सांगतो. कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचे. सकाळी दादरला उतरून लोकलने भायखळा गाठायचे. स्टेशनच्या पूर्वेकडून बाग चालत थोड्याच अंतरावर आहे. बुधवारी बाग बंद असते. सहलीचा दिवस ठरवताना हे आधी पाहावे. २०१७ मध्ये मोठ्यांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पंचवीस. आईवडील आणि दोन मुले मिळून शंभर रुपये, अशी सवलत ठेवली होती. सवलत चांगली, पण दादा-दादींना त्यात धरलेले नव्हते. खाऊ प्राण्यांना द्यायचा नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तर बरोबर नेऊच नयेत. वाऱ्याने उडालेली पिशवी हरणाने गिळली तर त्याचा जीव जातो.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना तो फुटला, म्हणून येथेच राहिला. पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला पुन्हा उभे केले. जवळ जाऊन पाहिले तर सांधे अजून दिसतात.