आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही

गैरसमज: दोन भाषांतले शब्द सारखे ऐकू आले की त्यांचं मूळ एकच असतं, आणि ते मूळ संस्कृतच असतं.

हा दावा व्याख्यानांत होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनांत होतो, शिकलेली माणसंही तो ठामपणे करतात. दर वेळी उदाहरण नवं, तर्क मात्र तोच. म्हणून एकच शब्द घेऊन तो तपासून पाहू: 'काला'.

एस्टोनियन भाषेत 'काला' म्हणजे मासा. इंडोनेशियन भाषेत 'काला' म्हणजे काळ, वेळ. पालीत 'काल' म्हणजे समय आणि 'काळ' म्हणजे काळ्या रंगाचा. आवाज जवळपास एकच आहे. नाती किती?

पाली आणि इंडोनेशियन यांच्यातला दुवा खरा आहे. जावा-सुमात्रामधल्या हिंदू आणि बौद्ध राजवटींच्या शतकांत संस्कृत शब्द तिकडे गेले, त्यांत 'काल'ही गेला. प्राचीन काळाला तिथे आजही 'पुर्बाकाला' म्हणतात. बोरोबुदूरच्या कमानींवर कोरलेलं विक्राळ तोंड 'काला' याच नावाने ओळखलं जातं. पण ही उसनवारी आहे, वंश नव्हे.

एस्टोनियन माशाचा मात्र या काळाशी काडीचाही संबंध नाही. एस्टोनियन ही उरालिक कुळातली भाषा. फिनिशमध्येही मासा 'काला'च, हंगेरियनमध्ये तो 'हल'. हा योगायोग कशावरून नाही? कारण हाच बदल इतर शब्दांतही होतो. तीनला एस्टोनियनमध्ये 'कोल्म', हंगेरियनमध्ये 'हारोम'. घरासाठीचा जुना शब्द एस्टोनियनमध्ये 'कोदा', हंगेरियनमध्ये 'हाझ'. आ-ओसारख्या स्वरांआधीच्या मूळ 'क'चा हंगेरियनमध्ये 'ह' होतो. ए-सारखा स्वर आला तर 'क' टिकतो, म्हणून हाताला 'कॅसी' आणि 'केझ'. पुरावा म्हणतात तो याला: नियम, आणि तो कुठे लागू होत नाही त्याचाही नियम. शुक्राच्या १७६९ सालच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी उत्तर नॉर्वेत गेलेल्या यानोश शायनोविच या हंगेरियन खगोलज्ञाने तिथल्या, याच कुळातल्या सामी भाषेचं हंगेरियनशी असलेलं नातं १७७० मध्ये ग्रंथरूपाने मांडलं होतं. अडीचशे वर्षं ही चर्चा छापील स्वरूपात उपलब्ध आहे, तरी आपण नुसत्या कानावर विसंबतो!

कानावर विसंबलं तर काहीही सिद्ध होतं. माशाचं 'कालवण' आणि एस्टोनियन 'काला' जोडून दाखवायला क्षणही लागणार नाही. पण कालवण 'कालवणे' या क्रियापदातून आलं आहे. ते वांग्याचंही होतं.

आता आणखी काही गैरसमज, थोडक्यात.

'इंडोनेशियन ही संस्कृतची लेक आहे.' नाही. 'गुरू', 'भाषा', 'मनुष्य' हे उसने शब्द आहेत. भाषेचं कूळ ऑस्ट्रोनेशियन आहे आणि मासा तिथे 'इकान' आहे.

'तिथला "दुआ" म्हणजे आपला "द्वि".' नाही. त्याच ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या माओरीत दोनला 'रुआ' आणि हवाईयनमध्ये 'लुआ' म्हणतात. 'दुआ' त्यांचा भाऊबंद आहे.

'पाली म्हणजे बिघडलेलं संस्कृत.' नाही. 'इथे' या अर्थी पालीत 'इध' आहे, संस्कृतात 'इह'. यातलं जुनं रूप पालीने जपलं आहे.

'मग एस्टोनियनचा आपल्याकडच्या भाषांशी संबंधच नाही.' हेही चूक. शंभरला तिथे 'सादा' म्हणतात. तो हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी भाषेतून उरालिक बोलींत गेलेला शब्द आहे, आपल्या 'शत'चा सख्खा नातलग.

संस्कृतचा खरा प्रवास इतका मोठा आहे की त्याला खोट्या पुराव्यांचा टेकू लागत नाही. उलट त्या टेकूंमुळे खऱ्या दुव्यांवरही कुणी विश्वास ठेवेनासं होतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी एक जुळणारा शब्द पुढे केला, तर त्याच्याकडे तोच ध्वनिबदल झालेले आणखी दहा शब्द मागा. ते मिळाले तर नातं माना, नाहीतर योगायोग म्हणून सोडून द्या.