एपी गव्हर्नमेंट परीक्षेची शिकवणी : मदत कोणती मागावी आणि कोणती द्यावी

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शेवटच्या एक-दोन वर्षांत विद्यार्थ्यांना काही विषय महाविद्यालयीन पातळीवर शिकता येतात. या योजनेला ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजेच ‘एपी’, असे नाव आहे आणि ती कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. ‘युनायटेड स्टेट्स गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स’ हा त्यांतला एक विषय. त्याची परीक्षा दरवर्षी मे महिन्यात होते आणि निकाल 1 ते 5 या श्रेणीत लागतो. बरीच विद्यापीठे 3 किंवा त्याहून वरच्या श्रेणीला श्रेयांक देतात, काही 4 किंवा 5 मागतात, तर काही देतच नाहीत. श्रेयांक मिळाला तर पहिल्या वर्षातला एक विषय आणि त्याचे शुल्क वाचते. म्हणूनच पालक या विषयाच्या शिकवणीवर पैसे खर्च करायला तयार होतात.

आपल्याकडच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना हे माहीत असण्याचे कारण सरळ आहे. तिकडच्या मुलांना ऑनलाइन शिकवून हातखर्च काढणारे विद्यार्थी आता जवळपास प्रत्येक वर्गात सापडतात. कोणाची मावसबहीण न्यू जर्सीत असते आणि तिच्या मुलाला ‘जरा मदत कर’ असा निरोप येतो. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना राज्यघटनेचा अनिवार्य पण बिनश्रेयांकाचा पेपर शिकवतो. त्यामुळे ‘सर, अमेरिकेच्या घटनेचे काय वाचू?’ हा प्रश्न माझ्याकडे येतोच. माझे उत्तर असे की, काय वाचायचे हे नंतर पाहू, आधी परीक्षा कशी मोजली जाते ते पाहा.

परीक्षेची रचना

परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्यात 55 बहुपर्यायी प्रश्न आणि 80 मिनिटे. दुसऱ्यात 4 लेखी प्रश्न आणि 100 मिनिटे. दोन्ही भागांना निम्मे-निम्मे वजन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मे 2025 पासून ही परीक्षा संगणकावर द्यावी लागते, त्यामुळे लेखी उत्तरेही टंकावी लागतात.

चार लेखी प्रश्नांचे स्वरूप ठरलेले आहे. पहिला, दिलेल्या प्रसंगाला संकल्पना लावून दाखवण्याचा, 3 गुणांचा. दुसरा, तक्ता किंवा आलेख वाचण्याचा, 4 गुणांचा. तिसरा, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन खटल्यांच्या तुलनेचा, 4 गुणांचा. चौथा, युक्तिवादाचा निबंध, 6 गुणांचा. पहिल्या तिन्हींना सुमारे 20 मिनिटे आणि निबंधाला 40 मिनिटे द्यावीत, असे बोर्ड सुचवते.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गुण वेगवेगळे असले तरी एकूण निकालात चारही प्रश्नांचे वजन सारखेच, प्रत्येकी 12.5 टक्के आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नातला एक गुण एकूण निकालाच्या 4 टक्क्यांहून थोडा जास्त, तर निबंधातला एक गुण 2 टक्क्यांहून थोडा जास्त. पहिल्या प्रश्नातला गुण निबंधातल्या गुणाच्या दुप्पट मोलाचा, आणि सुचवलेल्या वेळेनुसार तो मिळवायला वेळ तेवढाच लागतो. तरीही शिकवणीचा बहुतेक वेळ निबंधावर जातो, कारण मुलांना भीती त्याचीच वाटते. शिकवणाऱ्याने हा हिशेब पहिल्याच दिवशी मुलासमोर मांडावा.

अभ्यासक्रमात 9 मूळ दस्तऐवज आणि 14 खटले सक्तीचे आहेत. दस्तऐवजांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, राज्यघटना, फेडरलिस्ट निबंधांपैकी क्रमांक 10, 51, 70 आणि 78, त्यांच्या विरोधातला ब्रुटस क्रमांक 1, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे बर्मिंगहॅम तुरुंगातून लिहिलेले पत्र यांचा समावेश होतो. खटले पूर्वी 15 होते. 2022 मध्ये डॉब्स खटल्याच्या निकालाने 1973 चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द ठरला आणि नंतर तो या यादीतूनही निघाला. कोणी शिकवणारा अजून 15 खटल्यांची यादी पाठवत असेल तर त्याचे साहित्य जुने आहे. बहुपर्यायी प्रश्न 60 आहेत असे सांगणारे पुस्तक तर 2019 च्या आधीचे. ते रद्दीत गेलेलेच बरे.

मदत कुठे लागते

या विषयाची माहिती फुकट आणि मुबलक मिळते. खान अकॅडमीवर पूर्ण अभ्यासक्रम आहे. कॉलेज बोर्डाच्या ‘एपी क्लासरूम’मध्ये चित्रफिती आणि सराव प्रश्न आहेत. शाळेतले शिक्षक शंका विचारायला असतातच. फेडरलिस्ट क्रमांक 10 मध्ये मॅडिसनने काय म्हटले, हे सांगण्यासाठी तासाला डॉलर मोजणे ही उधळपट्टी आहे. आपण लिहिलेल्या उत्तराला किती गुण मिळतील आणि का, हे मात्र चित्रफीत सांगत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो आणि त्या माणसाला गुणदान योजना नीट वाचता यावी लागते.

ही योजना गुप्त नाही. मागील वर्षांचे लेखी प्रश्न, त्यांची गुणदान योजना आणि काही विद्यार्थ्यांची खरी उत्तरे गुणांसकट आणि परीक्षकाच्या टिपणीसकट ‘एपी सेंट्रल’ या संकेतस्थळावर खुली आहेत. तेव्हा शिकवणारा निवडताना त्याची पदवी विचारत बसण्यापेक्षा एक सोपी चाचणी घ्यावी. यांतले एक नमुना उत्तर गुण झाकून त्याला द्यावे आणि तपासायला सांगावे. त्याचे गुण प्रत्यक्ष गुणांशी जुळले आणि गुण कुठे गेला हे त्याला बोट ठेवून दाखवता आले, तर तो कामाचा. तुम्ही स्वतः शिकवणार असाल तर अशी दहा-बारा उत्तरे आधी तपासून पाहा. अभ्यासक्रम वाचण्याइतकाच वेळ याला द्या.

एक उदाहरण सविस्तर

तिसऱ्या प्रश्नात सक्तीच्या यादीबाहेरचा एक खटला थोडक्यात सांगितलेला असतो आणि त्याची तुलना यादीतल्या खटल्याशी करायची असते. समजा, प्रश्नात 1988 चा ‘हेझलवूड विरुद्ध कुल्मायर’ दिला. शाळेच्या वृत्तपत्रातली दोन पाने मुख्याध्यापकांनी छापण्यापूर्वी काढून टाकली. त्यांत विद्यार्थिनींच्या गरोदरपणावर आणि पालकांच्या घटस्फोटावर लेख होते. न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. याची तुलना 1969 च्या ‘टिंकर विरुद्ध डे मॉइन’शी करायची आहे. तिथे व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ मुलांनी दंडाला काळी फीत बांधली, शाळेने त्यांना निलंबित केले आणि न्यायालयाने मुलांच्या बाजूने कौल दिला.

पहिला भाग विचारतो : दोन्ही खटल्यांत समान असलेली घटनात्मक तरतूद कोणती? ‘दोन्ही खटले विद्यार्थ्यांच्या हक्कांबद्दल आहेत,’ असे मूल लिहिते. वाक्य खरे आहे, पण त्याला गुण नाही. पहिल्या घटनादुरुस्तीतील भाषणस्वातंत्र्याचे कलम, असे नाव घेतले पाहिजे.

दुसरा भाग : वस्तुस्थितीतल्या कोणत्या फरकामुळे निकाल वेगळे लागले? इथे मुले दोन्ही खटल्यांच्या गोष्टी ओळीने सांगतात आणि थांबतात. गुण ‘म्हणून’ या शब्दानंतर मिळतो. काळी फीत ही मुलांची स्वतःची, मूक अभिव्यक्ती होती आणि तिच्यामुळे शाळेच्या कामात व्यत्यय आला नव्हता, म्हणून तिला संरक्षण मिळाले. वृत्तपत्र मात्र पत्रकारितेच्या वर्गाचा भाग होते आणि शाळेच्या नावाने निघत होते, म्हणून त्यात काय छापावे यावर शैक्षणिक कारणासाठी शाळेला नियंत्रण ठेवता येते.

तिसरा भाग निकालाला राजकीय व्यवस्थेशी जोडतो. उदाहरणार्थ, निकाल न पटलेले विद्यार्थी काय करू शकतात? राज्याच्या विधिमंडळाकडे कायद्याची मागणी करू शकतात, कारण संघराज्याची घटना देते त्याहून जास्त संरक्षण राज्याला देता येते. आयोवासह काही राज्यांनी हेझलवूडनंतर असे कायदे केलेही आहेत. टिंकर खटल्यातली डे मॉइनची शाळा आयोवातलीच.

या तिन्ही भागांत शिकवणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही. ‘कोणती दुरुस्ती? तिच्यातले कोणते कलम? म्हणून काय?’ एवढेच तीन प्रश्न विचारत राहायचे आणि मुलाला वाक्य पुन्हा लिहायला लावायचे. शांतपणे वाट पाहणे अवघड जाते. आपण हुशार विद्यार्थी असलो की तोंडात उत्तर तयारच असते. पण मे महिन्यात मूल एकटे बसणार आहे आणि तुमचे सुंदर वाक्य त्याच्या कामी येणार नाही. शाळेचा गृहपाठ लिहून देण्याची मागणी आली तर सरळ नाही म्हणावे. त्या कामाचे पैसे जास्त मिळतात हे मला माहीत आहे.

प्रश्नातल्या क्रियापदांकडेही लक्ष हवे. ‘आयडेंटिफाय’ म्हटले तर नाव पुरे, ‘डिस्क्राइब’ला वैशिष्ट्ये हवीत, ‘एक्सप्लेन’ला कारण. पहिल्या प्रश्नातले महाग गुण बहुधा इथेच सांडतात.

भारतीय शिकवणाऱ्याच्या खास अडचणी

आपली राज्यघटना माहीत असणे उपयोगी आहे, पण ती सवय नकळत तिकडच्या उत्तरांत घुसते. आपल्याकडे मंत्री संसदेचा सदस्य असावा लागतो. तिकडे काँग्रेसच्या सदस्याला मंत्रिपद घ्यायचे तर आधी सदस्यत्व सोडावे लागते. आपल्या लोकसभा अध्यक्षांकडून तटस्थतेची अपेक्षा असते. तिकडचे प्रतिनिधीगृहाचे स्पीकर बहुमतातल्या पक्षाचे उघड नेते असतात. आपल्या घटनेच्या अनुच्छेद 13 मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतात असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेच्या घटनेत न्यायालयीन पुनर्विलोकनाचा असा थेट उल्लेख नाही. हॅमिल्टनने फेडरलिस्ट क्रमांक 78 मध्ये त्याचे समर्थन केले आणि 1803 च्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’मध्ये न्यायालयाने तो अधिकार स्वतःकडे असल्याचे सांगितले. मतदारसंघांच्या सीमा आपल्याकडे स्वतंत्र आयोग आखतो. तिकडे बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखते. ते ध्यानात आल्याशिवाय ‘बेकर विरुद्ध कार’ आणि ‘शॉ विरुद्ध रेनो’ हे खटले समजत नाहीत.

दुसरी अडचण निबंधाची. आपल्याला शाळेपासून दोन्ही बाजू मांडून शेवटी समतोल साधायला शिकवले जाते. इथे तसा निबंध पडतो. सुरुवातीलाच एक बाजू घेऊन ती का, हे विधानात सांगावे लागते. प्रश्नात दिलेल्या मूळ दस्तऐवजांपैकी किमान एकाचा आधार घ्यावा लागतो. पुरावा विधानाला कसा बळ देतो हे लिहावे लागते. आणि विरुद्ध मताची दखल घेऊन त्याला उत्तर द्यावे लागते. ‘दोघांचेही बरोबर आहे’ या निष्कर्षाला इथे जागा नाही.

शेवटी वेळेचे. मार्च ते नोव्हेंबर तिकडे घड्याळे एक तास पुढे असतात. तेव्हा न्यू यॉर्कची संध्याकाळी 7 ची वेळ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटे 4.30, आणि कॅलिफोर्नियाचे संध्याकाळचे 7 म्हणजे आपले सकाळचे 7.30. कॉलेज सांभाळून शिकवायचे असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचा विद्यार्थी परवडतो. पूर्वेकडचा असेल तर शनिवारी किंवा रविवारी तिकडच्या सकाळी 10 वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी 7.30 ला, तास ठेवावा. आणि मुलाने उत्तर आदल्या दिवशीच लिहून पाठवावे, म्हणजे तो पूर्ण तास तपासणीला मिळतो.