जुनी मोटारसायकल कशी पारखावी?

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथून नांदेड शहर सडकेने सुमारे ५० किलोमीटर आहे. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर भोकरचे स्टेशन आहे आणि एस. टी. चीही सोय आहे. तथापि ज्याच्या कामाची पाळी रात्री उशिरा सुटते, किंवा ज्याचे घर मोठ्या सडकेपासून आत एखाद्या खेड्यात आहे, त्यास आगगाडीचे व एस. टी. चे वेळापत्रक जुळत नाही. असा गृहस्थ अखेरीस मोटारसायकलीचा विचार करू लागतो. आणि नवी गाडी ऐपतीबाहेरची ठरते म्हणून जुनी पाहावयास निघतो.

निघताना त्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : स्वस्तात स्वस्त कोणती मिळेल? गावातल्या गावात फिरणाऱ्यास हा प्रश्न पुरेसा आहे. रोज १०० किलोमीटर जाणाऱ्यास तो पुरेसा नाही. त्याने विचारावयाचे ते असे की, ही गाडी घेतल्यावर पुढल्या तीन वर्षांत एकंदर किती पैसे लागतील, आणि ती रोज संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचवील काय? हे दोन प्रश्न पुढे ठेवले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

प्रथम हिशेब पाहू. रोज जाऊन येऊन १०० किलोमीटर आणि महिन्यास कामाचे २५ दिवस, म्हणजे महिन्यास २,५०० आणि वर्षास ३०,००० किलोमीटर झाले. हिशेबापुरता पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरला, तर लिटरमागे ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस वर्षास ५०० लिटर, म्हणजे ५२,५०० रुपये लागतात. लिटरमागे ४० किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या गाडीस ७५० लिटर, म्हणजे ७८,७५० रुपये लागतात. फरक वर्षास २६,२५० रुपयांचा! तीन वर्षांत त्या फरकातच एक चांगली जुनी गाडी येईल.

आता एकाच जातीच्या दोन गाड्या घ्या. एक ३०,००० रुपयांस मिळते, पण तिचे इंजिन झिजलेले असून ती लिटरमागे ५० किलोमीटरच जाते. दुसरी ४०,००० रुपयांस मिळते व ६० किलोमीटर जाते. पहिलीत १०,००० रुपये वाचले असे वाटते. परंतु तिला वर्षास १०० लिटर पेट्रोल अधिक लागते, म्हणजे १०,५०० रुपये. वाचलेली रक्कम वर्ष पुरे होण्यापूर्वीच जळून जाते आणि इंजिनाची दुरुस्ती पुढे उभीच राहते. म्हणून लांबच्या रोजच्या प्रवासास गाडीचे रूप अथवा किंमत यांपेक्षा तिच्या इंजिनाची प्रकृती महत्त्वाची होय.

इंजिन किती मोठे असावे? भारतात रोजच्या वापराच्या मोटारसायकलीचे स्वरूप बदलले ते १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची लहान गाडी आली तेव्हापासून. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. २००६ मध्ये बजाजची प्लॅटिना आणि होंडाची १२५ सीसीची शाईन या गाड्या निघाल्या. या वर्गातील गाड्या गावोगाव असल्याने त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि त्या उघडणारा मिस्त्रीही जवळच सापडतो. रोज कामावर जाणाऱ्यास ही सोय लहान नव्हे. सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत गाडी चार दिवस उभी राहिली, तर चार दिवसांचा रोजगार अडचणीत येतो.

एकट्याने, ताशी ५०–५५ च्या वेगाने जाणाऱ्यास १०० सीसी पुरते. परंतु मागे रोज दुसरा मनुष्य बसणार असेल, किंवा मालमोटारींच्या वर्दळीत वारंवार पुढे जावे लागत असेल, तर १२५ सीसी अधिक योग्य. लहान इंजिन तासभर पूर्ण जोराने ताणले म्हणजे ते तापते व लवकर झिजते. १२५ ची गाडी लिटरमागे ५५ किलोमीटर गेली असे धरल्यास खर्च वर्षास सुमारे ४,८०० रुपयांनी वाढतो; परंतु दोघांच्या प्रवासास तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

गाडी कोणत्या सालची असावी, हा पुढला प्रश्न. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना संयुक्त ब्रेक, म्हणजे एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांवर दाब येणारी योजना, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस योजना आवश्यक ठरली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे मान लागू झाले व बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणारे इंजेक्शन आले. अशी गाडी पेट्रोल मोजून खर्च करते. मात्र तिची बॅटरी सुदृढ लागते आणि बिघाड झाल्यास तो शोधण्यास यंत्र लागते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा बिघाड सडकेवरचा मिस्त्रीही काढतो. परंतु तिच्या रबरी नळ्या व वॉशर नीट पाहावेत. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडविलेले नसते. पैशाची सोय होत असेल तर २०१९ नंतरची गाडी पाहणे इष्ट.

आता प्रत्यक्ष पारख. गाडी पाहावयास सकाळी जावे आणि ‘चालू करून ठेवू नका’ असे आदल्या दिवशीच सांगावे. इंजिनाचा खरा स्वभाव थंड असताना कळतो. जाताच हात लावून ते थंड आहे की नाही हे पाहावे. चालू करताच पहिल्या एक-दोन प्रयत्नांत ते सुरू झाले पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळीत आहे, अर्थात पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत असे समजावे. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे लक्षण असून तो दोष बहुधा थोडक्यात दूर होतो. थंडीच्या सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. इंजिनाच्या एका बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज येत राहिला तर टायमिंग चेन सैल झालेली असते.

मीटरवरील आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकापासून मीटरकडे जाणारी तार काढून ठेवली की आकडा हलत नाही. हँडलच्या मुठी, ब्रेकच्या पायपट्टीचे रबर आणि बैठक यांची झीज आकड्याशी जुळते काय, हे पाहावे. मीटर १८,००० दाखवीत असून पायपट्टी गुळगुळीत झाली असेल, तर तो आकडा खरा मानू नये. टायरच्या बाजूस कोरलेल्या संख्येचे अखेरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा व पुढले दोन वर्ष दाखवितात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक झालेले असते, व पावसात ते सडक धरीत नाही.

चेन मागच्या स्प्रॉकेटवर बोटाने ओढून पाहावी. ती दातांपासून ठळकपणे सुटू लागली, अथवा दाते आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर चेनसेट बदलावा लागेल. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून, पुढचे चाक जमिनीपासून उचलून, हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मधोमध ते अडखळले तर बॉल-रेस खराब आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलचा ओघळ नसावा. मग मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय, ते पाहावे. अपघातात चौकट वाकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. इंजिन दुरुस्त होते, वाकलेली चौकट पूर्ववत होत नाही.

त्यानंतर गाडी १५–२० किलोमीटर चालवून पाहावी. सपाट सडकेवर क्षणभर हँडलवरील पकड सैल केली असता गाडी एका बाजूस ओढते काय? चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होते काय? होत असल्यास क्लचच्या चकत्या गेल्या आहेत. परत आल्यावर इंजिन बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. तापलेल्या स्थितीत ते त्रास देऊ लागले तर भर उन्हाळ्यात सडकेवर तेच होईल. मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि या गाड्यांचे इंजिन केवळ वाऱ्याने थंड होते. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल इंजिनाच्या पंखांमध्ये भरून वाळला असेल, तर तेवढी उष्णता आत राहते. असा वाळलेला थर मालकाने गाडीची निगा किती राखली हेही सांगून जातो.

दिवा स्वतंत्रपणे पाहावा, आणि तोही अंधारात. उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री सडकेवर असतात. अंधूक दिव्यामागे ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्यास अशी ट्रॉली दिसते तेव्हा थांबावयास वेळ उरलेला नसतो.

यंत्र पसंत पडले तरी कागद पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. आरसी बुकावरील चेसिसचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अंकशः ताडून पाहावा. खोडल्यासारखा दिसला तर व्यवहार तेथेच सोडावा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ मागावा. थकलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते व त्यासाठी खर्च येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस उच्च सुरक्षा नंबरपाटी बसविली आहे काय, हेही पाहावे.

भोकरपासून तेलंगणाची सीमा फार दूर नाही, आणि तिकडील गाडी कधी कमी किमतीत मिळते. परंतु परराज्यातील गाडीस तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. १२ महिन्यांहून अधिक काळ ती येथे राहणार असल्यास महाराष्ट्रात नवीन नोंदणी करून येथील करही भरावा लागतो. हा खर्च मिळविला म्हणजे स्वस्ताई कितपत उरते, ते आधीच मोजावे.

सर्वांत अधिक हयगय होते ती नाव बदलण्यात. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या, गाडी घरी आली, की काम पुरे झाले असे अनेकांस वाटते; कागद कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. कायद्याने, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास, विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे. विमा कंपनीसही १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावयाची असते. विकणाऱ्याचा धोका असा की, ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी देऊन टाकल्यावरही अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्यावर येऊ शकतो. घेणाऱ्याचा धोका याहून दारुण आहे. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे जे व्यक्तिगत अपघात संरक्षण असते, ते नोंदणीत व पॉलिसीत ज्याचे नाव आहे व ज्याच्यापाशी वैध परवाना आहे त्याच्यासाठी असते. नाव बदललेले नसेल आणि घरचा कर्ता सडकेवर दगावला, तर त्याच्या कुटुंबास या रकमेवर हक्क सांगता येणे कठीण. वर्षास ३०,००० किलोमीटर जाणाऱ्याने ही गोष्ट एक दिवसही पुढे ढकलू नये.

यास्तव जवळ असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीतच घालू नये. ५०,००० रुपये जमले असतील तर ४०,००० पर्यंतची गाडी पाहावी व १०,००० हाती राखून ठेवावे. त्यांतून प्रथम नाव बदलून विमा उतरवावा, मग टायर, ब्रेक शू व चेन यांपैकी जे झिजले असेल ते बदलावे, आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्यावे. मागे कोणी बसणार असल्यास दोन. उरलेल्यातून ऑइल व एअर फिल्टर बदलून घ्यावेत. महिन्यास २,५०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस ३,००० किलोमीटरांची ऑइल बदलण्याची मुदत पाच-सहा आठवड्यांतच येते. तिची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे घरातील इतरांचेही तिच्याकडे लक्ष राहील.