अंगावर पाजणाऱ्या आईचे कपडे : सोयीचे आणि शोभणारे



भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या विहारात एक तरुण आई आली होती. कडेवर चार महिन्यांचे बाळ, अंगावर पांढरीशुभ्र साडी आणि नव्या फॅशनचा, पाठीला हुक असलेला ब्लाउज. वंदना चालू असताना बाळ भुकेने रडू लागले. तिला पाजता येईना. शेवटी कुणीतरी शेजारच्या घरातून बाटली आणली. दोन दिवसांनी बाळाला जुलाब सुरू झाले. "ताई, हुक पुढे असते तर बाटली लागलीच नसती," ती म्हणाली.

आम्ही इतकी वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात काम केले. बाळाला छातीशी कसे धरायचे ते शेकडो जणींना शिकवले. पण घालायचे काय, यावर एक शब्द कधी बोललो नाही. ती आमची चूक.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध हवे, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे आणि पुढेही पाजावे. तान्हे बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागते. म्हणजे बाजार, दवाखाना, पीएमपीची बस, लग्नमंडप, सगळीकडे पाजावे लागणार. तिथे कपडा आडवा आला, की बाटली शिरते.

साडी नेसत असाल तर

पदरासारखा आडोसा दुसरा नाही. अडचण ब्लाउजची. हुक पुढेच ठेवा आणि पाजताना खालचे दोन-तीनच उघडा. आपल्या आज्यांची गाठीची चोळी अशीच पुढून सुटायची. हौस म्हणून पाठीचा गळा खोल घ्या, नाडी-लटकन लावा, बाह्यांना काठ लावा. फक्त उघडायची बाजू पुढे हवी. बाळंतपणानंतर मापे बदलत राहतात, म्हणून शिंप्याला आत भरपूर माया ठेवायला सांगा. टिकल्या, मणी, टोचरी जर छातीजवळ नको. बाळाचे गाल खरचटतात. पदराला सेफ्टी पिन लावलीत तर ती बाळाच्या हाताला लागणार नाही अशी खांद्यामागे लावा.

कुर्ती, ड्रेस, गाऊन

पायघोळ, बंद गळ्याचा एकसंध ड्रेस या काळात बाजूला ठेवा. आखूड कुर्ती आणि सलवार किंवा लेगिंग सोयीची. कुर्ती खालून वर घेतली की छातीचा वरचा भाग झाकलेला राहतो. आत स्लिप असेल तर पोटही उघडे पडत नाही. पुढे बटणांची पट्टी असलेली कुर्ती कामावरही शोभते.

तुळशीबागेत दोन्ही बाजूंना चेन असलेले गाऊन आणि कुर्त्या मिळतात. पण नवे घ्यायलाच हवे असे नाही. कपाटातल्या कुर्तीला छातीवरून उभी शिलाई असेल, तर वस्तीतला शिंपी ती उसवून आत लपणारी चेन बसवून देतो. चेनमागे मऊ कापडाची पट्टी लावायला विसरू नका.

रंगीत, बारीक छापाच्या कापडावर दुधाचे डाग दिसत नाहीत. पांढरी साडी नेसायच्या दिवशी ब्रेसियरमध्ये स्वच्छ, मऊ सुती कापडाची घडी ठेवा. ओली झाली की लगेच बदला. ओलाव्याने बोंडशीला भेगा आणि बुरशी होते.

घट्ट कपडे नकोत

तारेची किंवा घट्ट ब्रेसियर, आवळणारा ब्लाउज यांनी दूध तुंबून गाठ येऊ शकते. छाती लाल झाली, ठणकली, ताप आला तर दवाखाना गाठा. त्या बाजूने पाजणे मात्र बंद करू नका. पुण्याच्या उन्हाळ्यात सुती कपडाच बरा. ओढणीचा आडोसा करताना बाळाचे नाक मोकळे आहे ना, ते पाहा.

नटणे हा गुन्हा नाही

"लेकुरवाळीला कशाला हवी फॅशन?" हे टोमणे आम्ही खूप ऐकले. भगिनींनो, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते, की अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसायची जुनी पद्धत आणि जड दागिने सोडा. बायकांनी तिथेच आपली नेसण बदलली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बाळंतिणींना पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. नीटनेटके राहणे आणि बाळंतिणीला सवलत, दोन्ही आपल्या चळवळीचीच शिकवण आहे.

म्हणून सासूबाईंना विनंती : ओटी भरताना एखादी पुढून उघडणारी कुर्ती द्या. भाऊरायांनो, बायकोबरोबर शिंप्याकडे जा. आणि प्रत्येक विहारात एका कोपऱ्यात पडदा, खुर्ची आणि पिण्याचे पाणी ठेवू या. पुढच्या जयंतीला कुठल्याही आईला बाळाच्या भुकेपायी वंदनेतून उठून जावे लागू नये.