कट्ट्यावरची मतं अन् सोयाबीनचे कट्टे

ट्रम्प, युक्रेन, एआय... सगळ्यावर आपलं मत रेडी असतं. पण त्या मताच्या भरवशावर घरातलं सोयाबीन थांबवाल का?

मत आहे ना तुमचं? असणारच. युक्रेनवर आहे, ट्रम्पच्या टॅरिफवर आहे, एआय नोकऱ्या खाणार का यावर तर आहेच आहे. सकाळची एसटी गावातून निघून कारंज्याला पोहोचेस्तोवर तिसरं महायुद्ध सुरू होऊन संपलेलंसुद्धा असतं!

छान आहे. विशीत मतं नसतील तर कधी असणार? फक्त एक छोटासा प्रश्न आहे. त्या मतावर तुम्ही घरातले दहा कट्टे अडकवाल का?

कॉलेजच्या कट्ट्याचं नाही म्हणत. सोयाबीनच्या कट्ट्यांचं म्हणतोय.

मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या, नाहीतर वाशिम जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. शिवारात सोयाबीन, तूर, कपाशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोंगणी होते, थ्रेशर लागतं, कट्टे घरात येतात. अन् मग बाबा विचारतात, ‘काय रे, इकू का ठिवू?’

हा प्रश्न तुम्हालाच का? कारण घरात दिवसभर फोनवर जग बघणारे तुम्हीच. तुम्ही बीए करा, बीएस्सी करा नाहीतर बीसीए, घरच्यांच्या दृष्टीने ‘पोराले समजते’. आता बोला. इथे लाइक मिळत नाहीत. इथे बोललेल्या वाक्यावर हरभऱ्याचं बियाणं, पीककर्जाचा हप्ता अन् बहिणीची फी अवलंबून असते.

भाव ठरतो तरी कुठे?

आधी साधं गणित. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण अठरा किलो. बाकीची बहुतेक पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. म्हणजे सोयाबीनचा भाव दोन दोऱ्यांनी बांधलेला आहे. एक तेलाची, दुसरी पेंडेची. अन् दोन्ही दोऱ्यांची टोकं आपल्या यार्डाच्या बरीच बाहेर आहेत.

तेलाची दोरी बघा. आपला देश खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं, एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली अन् किराणा दुकानातला पिपा महागला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस तेच पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. या बातम्या आपण ‘बोअर’ म्हणून सरकवल्या, पण त्या थेट आपल्या कट्ट्यांबद्दल होत्या.

आता पेंडेची दोरी. पेंड जाते मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात अन् निर्यातीला. मक्यापासून इथेनॉल करायचं प्रमाण वाढलं, तसा त्यातून उरणारा चोथा खाद्य म्हणून स्वस्तात मिळू लागला. पेंडेला स्पर्धक आला. शिवाय जगात सोयाबीनचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक चीन. २०१८ मध्ये त्याने अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं अन् खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिका-चीन भांडण म्हणजे नुसतं मीम मटेरियल नाही, ते हे असं आहे.

कपाशीचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना दिलासा. अन् बोंडं फुटायच्या बेतात असलेल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला? धडकी.

हे आजचं नाही

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर वळली वऱ्हाडाकडे. कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध थांबलं अन् भाव आपटले. आपल्या पणजोबांच्या आजोबांनी लिंकनचं नावही ऐकलं नसेल, पण त्या युद्धाची किंमत त्यांच्या वावराने मोजली. कारंज्यावरून जायची ती शकुंतला रेल्वेही याच कापसापायी आली.

तेव्हा बातमी जहाजातून यायची. आता दहा सेकंदात येते. मग आपले निर्णय तेवढे सुधारलेत का?

दहा हजारांचं भूत

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनने अनेक बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या आसपास मजल मारली. ज्यांच्याकडे तेव्हा माल शिल्लक होता ते मोजकेच. मग सरकारने १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली, नवा माल बाजारात यायला लागला अन् भाव घसरले. पण दहा हजार हा आकडा आपल्या डोक्यातून काही गेला नाही. ‘थांबा, यंदा दहा हजार पक्के’ असा मेसेज आला की आपण खाली तारीखही बघत नाही. फॉरवर्ड!

एआयला विचारलं तर? विचारा की. आयात शुल्क म्हणजे काय, डीओसी म्हणजे काय हे तो सोप्या मराठीत समजावून देईल. त्यासाठी बेस्टच आहे. पण ‘जानेवारीत भाव किती राहील’ याचंही तो तितक्याच थाटात उत्तर देईल. चुकलं तर हप्ता त्याला भरायचा नाहीये. यूट्यूबवर ‘महातेजी येणार’ सांगणाऱ्यालाही नाही.

मग मत द्यायचंच नाही का?

द्या ना! पण त्याआधी चार गोष्टी करा.

एक, बातमीची तारीख बघा. शुल्क वाढल्याची जुनी बातमी ते कमी झाल्यावरही फिरतच असते.

दोन, ही बातमी तेलाची की पेंडेची ते ओळखा. तेल चढलं अन् पेंड पडली तर सोयाबीन जागचं हलत नाही.

तीन, दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघा. आयात शुल्क वाढलं तर बाबांना चांगलं, पण पुण्यात खोली करून राहणाऱ्या मित्राच्या मेसचं बिल वाढतं. तोही चूक नाही, बाबाही नाहीत. हे कळलं की सोशल मीडियावरची अर्धी भांडणं आपोआप गळून पडतात.

चार, आपलं मत चुकलं तर भरपाई कोण करणार? बाबा करणार असतील तर ‘सगळं ठेवा’ किंवा ‘सगळं विका’ असं सांगू नका. निम्मं विका, निम्मं थांबवा, हेही मतच असतं. ‘मला सांगता येत नाही’ हेसुद्धा.

अन् फोन हातात आहेच तर त्याचा खरा उपयोग करा. ई-पीक पाहणी वेळेत नोंदवा, कारण हमीभावाने विकायची नोंदणी करताना ती लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण माल केंद्रावर न्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. माल न्यायच्या आधी हे घरी सांगणारं कुणीतरी पाहिजे. पैशांची निकड असेल तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. आपल्या बाजार समितीत ती सुरू आहे का, हे एका फेरीत कळतं. कॉलेज तसंही तिकडेच आहे.

जगावर बोलायचं बंद करू नका. उलट जास्त बोला. इंझोरीतल्या पोराने चीन-अमेरिकेवर बोलू नये असं कोण म्हणेल? त्याच्याइतका त्या भांडणाशी संबंध टीव्हीवरच्या सुटाबुटातल्या पॅनेलचाही नसेल. फक्त पुढच्या वेळी टॅरिफवर स्टेटस टाकाल, तेव्हा खाली एक ओळ आणखी लिहा: याने आमच्या वावरात काय फरक पडतो? ती ओळ लिहायला जमली, तर संध्याकाळी बाबांच्या प्रश्नालाही दोन वाक्यं नीट सांगता येतील.